मूळ कागद कोठे आहे?
फौजदारी न्यायाच्या विद्यार्थ्यांसाठी इंटरनेटवरील विश्वसनीय साधने

संस्थेच्या स्मरणिकेसाठी विद्यार्थ्यांच्या उपयोगाचे काहीतरी लिहा, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला तेव्हा मला एक प्रसंग आठवला. काही वर्षांपूर्वी आपल्या जिल्ह्यातील एका गावचे कुटुंब विहारातील अभ्यासिकेत आले होते. शेताच्या धुऱ्यावरून मारहाण झाली होती आणि सोबत जातिवाचक शिवीगाळही. ते फिर्याद द्यायला निघाले असता एका जाणत्या म्हणविणाऱ्या गृहस्थाने त्यांना मोबाईलवर एक निकाल दाखविला व सांगितले की, आधी चौकशी होईल, मग वाटले तर गुन्हा नोंदवतील, सुप्रीम कोर्टाचाच तसा आदेश आहे. कुटुंब घाबरून परत फिरले होते.

निकाल खोटा नव्हता. तो खरोखरच सर्वोच्च न्यायालयाचा होता, २० मार्च २०१८ चा. पण ज्या दिवशी तो त्यांना दाखविण्यात आला त्या दिवशी त्यातील तो आदेश अस्तित्वातच नव्हता. अभ्यासिकेत एलएल.बी.ची दोन मुले बसली होती. त्यांनाही हे ठाऊक नव्हते. त्यांनी शोधायला सुरुवात केली तर पहिल्या चार-पाच ठिकाणी २०१८ च्याच बातम्या निघाल्या. शेवटी कायद्याचा आजचा मजकूर त्यांना सापडला तोपर्यंत दिवेलागण झाली होती. दुसऱ्या दिवशी कलम १८-अ ची छापील प्रत घेऊन ते कुटुंब पुन्हा ठाण्यात गेले.

विद्यार्थी मित्रांनो, इंटरनेटवर माहिती मिळत नाही ही आता तक्रार राहिलेली नाही. माहिती इतकी मिळते की खरी कोणती, जुनी कोणती, अर्धी कोणती हे कळत नाही. कायदा, पोलीस, तुरुंग आणि न्यायालय यांचा अभ्यास करणाऱ्याला या तिन्हींतला फरक कळलाच पाहिजे, कारण त्याच्या चुकीची किंमत दुसऱ्या कोणाला तरी मोजावी लागते. प्रस्तुत लेखात साधनांची यादी देण्याचा मुख्य हेतू नाही. ज्याच्या त्याच्या मूळ कागदापर्यंत कसे जावे आणि तो कागद कसा वाचावा, एवढेच सांगावयाचे आहे.

एक प्रकरण शेवटपर्यंत

आधी त्या २०१८ च्या निकालाचीच हकिकत पाहू, म्हणजे पुढचे सोपे जाईल. प्रकरण आपल्याच राज्यातले, कराडच्या शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयातील एका कर्मचाऱ्याच्या तक्रारीतून निघालेले. ते डॉ. सुभाष काशिनाथ महाजन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने ओळखले जाते. न्या. आदर्शकुमार गोयल व न्या. उदय लळित यांच्या पीठाने अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९ बाबत काही निर्देश दिले. सरकारी नोकराला अटक करण्यापूर्वी नियुक्ती अधिकाऱ्याची मंजुरी, इतरांसाठी जिल्ह्याच्या वरिष्ठ पोलीस अधीक्षकांची मंजुरी, आणि गुन्हा नोंदविण्यापूर्वी उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडून प्राथमिक चौकशी, असे त्याचे स्वरूप होते. त्यानंतर २ एप्रिल २०१८ रोजी झालेला भारत बंद आपल्या सर्वांच्या स्मरणात आहे.

पुढचे मात्र फारसे कोणी लक्षात ठेवले नाही. संसदेने त्याच वर्षी दुरुस्ती करून कलम १८-अ घातले. गुन्हा नोंदविण्यासाठी प्राथमिक चौकशीची गरज नाही व अटकेसाठी कोणाच्या पूर्वमंजुरीची गरज नाही, असे ते कलम सांगते. ते २० ऑगस्ट २०१८ पासून अमलात आले. दरम्यान केंद्र सरकारने पुनर्विलोकन याचिका दाखल केली होती. तिचा निकाल १ ऑक्टोबर २०१९ रोजी लागला आणि मंजुरीचे व प्राथमिक चौकशीचे निर्देश न्यायालयाने स्वतःच मागे घेतले. न्या. अरुण मिश्रा, न्या. एम. आर. शाह आणि आपल्या शेजारच्या अमरावतीचे न्या. भूषण गवई यांचे ते पीठ होते. न्या. गवई पुढे २०२५ मध्ये भारताचे सरन्यायाधीश झाले. शेवटी १० फेब्रुवारी २०२० रोजी पृथ्वीराज चौहान विरुद्ध भारत संघ या प्रकरणात कलम १८-अ घटनात्मकदृष्ट्या वैध ठरविण्यात आले. मात्र प्रथमदर्शनी गुन्हाच दिसत नसेल तर अटकपूर्व जामिनाला कायद्याची आडकाठी नाही, हेही त्या निकालात आहे. आपल्या बाजूचे तेवढे वाचावयाचे आणि बाकीचे सोडावयाचे, असे अभ्यासकाने करू नये, म्हणून हे मुद्दाम नमूद केले.

म्हणजे एकाच प्रश्नावर दोन वर्षांत चार कागद आहेत: निकाल, दुरुस्ती, पुनर्विलोकन आणि पुन्हा निकाल. ज्याच्या हाती पहिलाच कागद लागला तो खरे बोलत असूनही चुकीचे सांगतो. त्या गृहस्थाचे असेच झाले असावे, असे मी तरी मानतो.

आकड्यांचे रकाने

त्या २०१८ च्या निकालपत्रात काही आकडेही आहेत आणि ते आजही चर्चेत, वक्तृत्व स्पर्धेत, मुलाखतीत फेकले जातात. २०१५ साली न्यायालयांनी निकाली काढलेल्या १५,६३८ प्रकरणांपैकी ११,०२४ प्रकरणांत आरोपी निर्दोष सुटले किंवा आरोपमुक्त झाले, ४९५ मागे घेतली गेली आणि ४,११९ प्रकरणांत शिक्षा झाली. बेरीज करून पाहा, बरोबर जमते. यावरून "शंभरातले सत्तर गुन्हे खोटे" असा निष्कर्ष काढणारे लोक आपल्याला ठायी ठायी भेटतात.

पण त्याच निकालपत्रात दुसरा आकडा आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या, म्हणजे ज्याला आपण एनसीआरबी म्हणतो त्याच्या, २०१६ च्या अहवालानुसार अनुसूचित जातींच्या प्रकरणांपैकी ५,३४७ आणि जमातींच्या प्रकरणांपैकी ९१२ पोलिसांना तपासात खोटी आढळली. त्या वर्षी देशात अनुसूचित जातींवरील अत्याचाराचे ४०,८०१ गुन्हे नोंदले गेले होते. तपासावर मागील वर्षांचीही प्रकरणे असतात, त्यामुळे या दोन आकड्यांचा सरळ भागाकार काटेकोर ठरत नाही. तरी ढोबळमानाने केला तर तो १३ टक्क्यांच्या आसपास येतो. सत्तर कोठे आणि तेरा कोठे! शिवाय हे तेरा म्हणजे पोलिसांचे मत, न्यायालयाचा निर्णय नव्हे.

येथे रकाना वाचण्याची सवय कामी येते. एनसीआरबीच्या तक्त्यात पोलिसांनी निकाली काढलेल्या प्रकरणांसाठी वेगवेगळे रकाने असतात. "खोटे" हा एक. वस्तुस्थितीचा अथवा कायद्याचा गैरसमज किंवा दिवाणी वाद, हा दुसरा. गुन्हा खरा पण पुरावा अपुरा किंवा धागादोरा नाही, हा तिसरा. आपल्या ठाण्यांतून ज्याला अ, ब आणि क समरी म्हणतात त्याचीच ही भावंडे. अ समरी म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही, ब म्हणजे फिर्याद द्वेषाने केलेली व खोटी, क म्हणजे गैरसमजातून झालेली किंवा दिवाणी स्वरूपाची. हे तिन्ही एकत्र करून "खोटे" म्हणणारा लेख समोर आला तर तो तेथेच बाजूला ठेवावा.

निर्दोष सुटका हा तर आणखी वेगळा विषय आहे. साक्षीदार फितूर होतो, पंच उलटतात, जातीचा दाखला दप्तरी लागत नाही, प्रकरण इतकी वर्षे रेंगाळते की फिर्यादी गाव सोडून जातो. १९९५ च्या नियमांतील नियम ७ प्रमाणे तपास उपअधीक्षकापेक्षा कमी दर्जाच्या अधिकाऱ्याने करावयाचा नाही. तसा झाला असेल तर बचाव पक्ष त्याचा फायदा उठवतो. शिक्षेचे प्रमाण कमी आहे याचे कारण गुन्हे खोटे आहेत असे मानता येणार नाही, तपासातील व अभियोगातील उणिवाही त्याला कारण असतात, ही भूमिका २०१९ च्या पुनर्विलोकन निकालात सर्वोच्च न्यायालयाने घेतली आहे. वादविवादात उत्तर द्यावयाचे तर त्या निकालाचा परिच्छेद हाती असावा. आवाज चढवून काही साधत नाही.

एनसीआरबीविषयी आणखी दोन-तीन गोष्टी. हा विभाग १९८६ साली स्थापन झाला, पण "क्राइम इन इंडिया" हा वार्षिक अहवाल १९५३ पासूनचा आहे. तुरुंगांविषयीचा "प्रिझन स्टॅटिस्टिक्स इंडिया" १९९५ पासूनचा. दोन्ही संकेतस्थळावर विनामूल्य उतरवून घेता येतात. अहवाल त्या त्या वर्षानंतर बऱ्याच उशिरा येतो, जसे २०२२ चा डिसेंबर २०२३ मध्ये आला. एका फिर्यादीत अनेक गुन्हे असतील तर सर्वांत गंभीर गुन्ह्याखालीच मोजणी होते, त्यामुळे बलात्कारासह खून हा खुनात जातो. आणि मुख्य म्हणजे, ही नोंदलेल्या गुन्ह्यांची मोजणी आहे, घडलेल्या नव्हे. एखाद्या जिल्ह्यात आकडा वाढला तर अत्याचार वाढले असतील किंवा लोक फिर्याद द्यायला धजावू लागले असतील. कोणते खरे, हे तो तक्ता सांगत नाही. तुरुंगाच्या अहवालात २०२२ अखेर देशातील ५,७३,२२० बंद्यांपैकी ४,३४,३०२ न्यायाधीन म्हणजे अद्याप दोषी न ठरलेले होते. हा अहवाल बंद्यांची सामाजिक प्रवर्गानुसार विभागणीही देतो. आपल्या विद्यार्थ्यांनी त्यावर प्रबंध करावा, इतका तो विषय मोठा आहे.

राज्यापुरते पाहावयाचे तर पुण्याच्या गुन्हे अन्वेषण विभागाचा "क्राइम इन महाराष्ट्र" हा अहवाल आहे. तो आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असतो.

कायद्याचा मजकूर

कायद्याच्या मजकुरासाठी केंद्र सरकारचे "इंडिया कोड" हे संकेतस्थळ पाहावे. केंद्राचे व राज्यांचे अधिनियम तेथे दुरुस्त्यांसह मिळतात. कोणते कलम कोणत्या दिवसापासून लागू झाले याची अधिसूचना पाहावयाची तर ई-गॅझेट. पत्त्याच्या शेवटी "जीओव्ही डॉट इन" किंवा "एनआयसी डॉट इन" आहे का ते पाहावे, कारण ते शेपूट सरकारी यंत्रणेलाच मिळते. नावात "गव्हर्नमेंट", "भारत", "न्याय" असे शब्द घालून चालविलेली खाजगी संकेतस्थळे पुष्कळ आहेत.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता व पुरावा अधिनियम यांच्या जागी भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता व भारतीय साक्ष्य अधिनियम आले. यामुळे शोधणाऱ्याची मोठीच पंचाईत झाली आहे. पूर्वी ३०२ म्हटले की खून, हे गुराख्याच्या पोरालाही माहीत होते. आता खुनाची शिक्षा न्याय संहितेच्या कलम १०३ मध्ये आहे, आणि तिच्या कलम ३०२ मध्ये धार्मिक भावना दुखावणाऱ्या शब्दोच्चाराचा गुन्हा आहे. ४८२ चे तर विचारूच नका. जुन्या प्रक्रिया संहितेत कलम ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार, नव्या संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन. नुसता आकडा टाकून शोधले तर दोन्हींची खिचडी समोर येते. म्हणून कलमाच्या आकड्यासोबत कायद्याचे नाव आणि वर्ष टाकण्याची सवय करावी. आणि जुना कायदा फेकून देऊ नये. १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या गुन्ह्याला दंड संहिताच लागते, तशी प्रकरणे अजून अनेक वर्षे चालतील.

निकालपत्रे

सर्वोच्च न्यायालयाचे निकाल पूर्वी विकत घ्यावयाच्या जाड ग्रंथांत असत. तालुक्याच्या गावी ते कोठून मिळणार? २ जानेवारी २०२३ पासून न्यायालयाने आपली अधिकृत निकालमालिका "ई-एससीआर" या नावाने सर्वांना मोफत खुली केली. काही निकालांचे मराठी अनुवादही उपलब्ध आहेत. ते समजून घेण्यापुरते वापरावेत. उद्धृत करताना इंग्रजी मूळच प्रमाण धरले जाते.

निकालाचा पत्ता वाचायला शिकणे फारसे अवघड नाही. वर सांगितलेला महाजन निकाल (२०१८) ६ एससीसी ४५४ असा लिहितात. म्हणजे २०१८ साल, सहावा खंड, एससीसी ही निकालमालिका, पान ४५४. पुनर्विलोकन (२०२०) ४ एससीसी ७६१ येथे आहे. निकाल १ ऑक्टोबर २०१९ चा, पण खंड २०२० चा, हा फरकही लक्षात ठेवावा, नाहीतर २०१९ च्या खंडांत शोधत बसाल. "इंडियन कानून" हे खाजगी पण विनामूल्य संकेतस्थळ शोधण्यासाठी उत्तम आहे. हा निकाल नंतर कोणत्या निकालांत उल्लेखिला गेला तेही तेथे दिसते, आणि आपल्या त्या गृहस्थाने तेवढे जरी पाहिले असते तरी पुढचा अनर्थ टळला असता. मात्र तेथे सापडलेला निकाल उद्धृत करण्यापूर्वी ई-एससीआर किंवा उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर ताडून पाहावा. मुंबई उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर आपल्या भागासाठी नागपूर खंडपीठ निवडावे लागते.

निकालपत्र वाचावयाचे म्हणजे शेवटचा परिच्छेद वाचावयाचा नव्हे. खैरलांजीचे उदाहरण घ्या. २९ सप्टेंबर २००६ च्या त्या हत्याकांडात भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने २००८ मध्ये आठ जणांना दोषी धरले, सहा जणांना फाशी सुनावली. नागपूर खंडपीठाने जुलै २०१० मध्ये फाशीचे रूपांतर २५ वर्षांच्या सक्तमजुरीत केले. अ‍ॅट्रॉसिटी कायदा मात्र दोन्ही न्यायालयांनी लागू धरला नाही. यावर आपण सर्वांनी संतापाने भाषणे केली, मीही केली. पण कोणत्या पुराव्यावरून व कोणत्या युक्तिवादाने न्यायालय त्या निष्कर्षाला आले, ते वाचलेले लोक आपल्यात किती? निकालाशी असहमत होण्याचा अधिकार वाचणाऱ्याला अधिक असतो.

आपल्या विदर्भातच याचे जुने उदाहरण आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात १९७२ साली एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या प्रकरणात, तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य, सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर १९७८ मध्ये दोघा पोलिसांना सोडले. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर व लतिका सरकार या कायद्याच्या चौघा अध्यापकांनी ते निकालपत्र ओळ न् ओळ वाचले आणि सप्टेंबर १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना जाहीर पत्र लिहिले. त्यातून उठलेल्या चळवळीमुळे १९८३ साली कायदा बदलला. पीडितेचे नाव छापण्यास बंदी करणारे कलमही त्याच दुरुस्तीतले. ते प्रकरण आजही अनेक पुस्तकांत त्या मुलीच्या नावाने छापले जाते. मी ते येथे लिहीत नाही, आणि आपल्या विद्यार्थ्यांनीही लिहू नये.

आणि अगदी अलीकडचे. तुरुंगांत जातीनुसार कामे वाटली जातात, झाडलोट व संडास सफाई विशिष्ट जातींना, स्वयंपाक इतरांना, हे सुकन्या शांता या पत्रकार महिलेने राज्याराज्यांच्या कारागृह नियमावल्यांतील मूळ नियम काढून दाखविले. त्यावरील याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी असे नियम घटनाबाह्य ठरविले. नियमावली कोणाच्याही हाती येण्यासारखी होती. ती उघडून वाचली कोणी, हा प्रश्न होता.

वाशिम शोधताना

आपल्या जिल्ह्याचा अभ्यास करणाऱ्यांसाठी काही खास खाचखळगे आहेत. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. त्यापूर्वीच्या कोणत्याही गुन्हेविषयक तक्त्यात वाशिम शोधू नका, आपली गावे अकोल्याच्या आकड्यात आहेत. १९९५ व २००५ ची तुलना करून "अकोल्यात गुन्हेगारी घटली" असे कोणी लिहिले तर हसू येईल, पण अशी चूक सहज होऊ शकते. त्याही मागे इंग्रजी अमदानीत जायचे तर स्पेलिंग "बासिम" आहे. १९०५ पर्यंत बासिम हा वऱ्हाडातला स्वतंत्र जिल्हा होता. "वाशिम" टाकून त्या काळचे अहवाल सापडत नाहीत.

आपले मालेगाव आणि नाशिकचे मालेगाव यांचा घोळ तर नित्याचाच. मालेगाव आणि गुन्हा हे दोन शब्द टाकले की २००६ व २००८ चे बॉम्बस्फोट समोर येतात, ते नाशिक जिल्ह्यातले. कारंजाचेही तसेच, आपले कारंजा लाड वेगळे आणि वर्ध्याचे कारंजा घाडगे वेगळे. तालुक्यासोबत जिल्ह्याचे नाव टाकल्यावाचून शोध पुरा करू नये.

चालू प्रकरणांसाठी ई-कोर्ट्स सेवा आहे. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. तो टाकला की पुढची तारीख, आदेश, निकाल दिसतो. फिर्यादी कुटुंबाला हे शिकविले तर तारखेसाठी वकिलाकडे खेपा घालाव्या लागत नाहीत. राष्ट्रीय न्यायिक माहिती ग्रीडवर वाशिम जिल्ह्यातील न्यायालयांत किती फौजदारी प्रकरणे किती वर्षांपासून प्रलंबित आहेत हे पाहता येते. ते आकडे रोज बदलतात, म्हणून ज्या दिवशी पाहिले ती तारीख वहीत लिहावी. प्रथम खबरी अहवाल, म्हणजे एफआयआर, पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ७ सप्टेंबर २०१६ रोजी दिला. लैंगिक अत्याचारासारखी संवेदनशील प्रकरणे त्यातून वगळली आहेत. एफआयआर ही केवळ पहिली खबर असते, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे, हे लिहिताना विसरू नये.

प्रबंध, लेख आणि यंत्राची उत्तरे

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना "ई-पीजी पाठशाला"वर गुन्हेशास्त्राचे पाठ मोफत मिळतात, "शोधगंगा"वर देशातील विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध. प्रबंध कमीजास्त दर्जाचे असतात. माझी रीत सांगतो: निष्कर्ष आधी न वाचता माहिती कशी गोळा केली ते प्रकरण वाचावे, ते पोकळ असेल तर पुढे जाऊ नये. कायदे आयोगाचे अहवाल अवश्य पाहावेत. परदेशी साधनांपैकी अमेरिकेच्या न्याय विभागाचे फौजदारी न्यायविषयक ग्रंथालय व संयुक्त राष्ट्रांचे अमली पदार्थ व गुन्हे कार्यालय ही दोन भरवशाची आहेत. पण अमेरिकन पुस्तकातले ग्रँड ज्युरी आणि डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नी आपल्या उत्तरपत्रिकेत आणू नयेत. तसे आणलेले मी पाहिले आहेत.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राला प्रश्न विचारून तयार उत्तर घेण्याची आता प्रथा पडली आहे. ही यंत्रे अस्तित्वात नसलेला निकाल नाव, वर्ष व पानासह रचून देऊ शकतात. न्यूयॉर्कमध्ये एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी असे बनावट निकाल न्यायालयापुढे ठेवले, आणि जून २०२३ मध्ये त्यांना ५,००० डॉलरचा दंड झाला. यंत्राने निकालाचे नाव सुचविले तर हरकत नाही. तो ई-एससीआरवर उघडून पाहिला नाही तोवर तो आहे असे धरू नये.

बाबासाहेबांचे समग्र लेखन व भाषणे हे महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेले इंग्रजी खंड परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहेत. पहिल्या खंडातील १९३६ च्या "अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट"मध्ये इंदूर संस्थानातील बलाई समाजावरील जुलमाची हकिकत आहे. ती सांगताना बाबासाहेब वृत्तपत्राचे नाव व अंकाची तारीख देतात, टाइम्स ऑफ इंडिया, ४ जानेवारी १९२८. समाजमाध्यमांवर त्यांच्या नावाने फिरणारी वाक्ये या खंडांत शोधून पाहण्याचा उद्योग मी मुलांना सांगत असतो. बरीच सापडत नाहीत.

जे इंटरनेटवर नाही

तालुकानिहाय किती गुन्हे नोंदले, कितींत आरोपपत्र गेले, किती पीडितांना शासनाचे अर्थसाहाय्य मिळाले, हे एनसीआरबीच्या अहवालात सापडणार नाही. १९९५ च्या नियमांतील नियम १७ नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा दक्षता व नियंत्रण समिती असते आणि तिची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा व्हावयास हवी. त्या बैठकांच्या इतिवृत्तात ही माहिती असते. इतिवृत्त माहितीच्या अधिकारात मागता येते, समाजकल्याण सहायक आयुक्त कार्यालयाकडे. ठाणेनिहाय गुन्ह्यांसाठी जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्यांकडे अर्ज करावा.

अर्ज मराठीत चालतो. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय असावा व मजकूर साधारण दीडशे शब्दांच्या आत बसवावा. शुल्क १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प लावला तरी चालतो, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला ते माफ आहे. "सर्व माहिती द्यावी" असे लिहू नये, ते हमखास परत येते. "१ जानेवारी ते ३१ डिसेंबर या काळातील, ठाणेनिहाय, अ, ब व क समरी आणि आरोपपत्र यांची वेगवेगळी संख्या" असे रकाने पाडून मागावे. तपास चालू असलेल्या एखाद्या प्रकरणाचे कागद नाकारले जाऊ शकतात, संख्या नाकारण्याचे कारण नाही. ३० दिवसांत उत्तर न आल्यास पुढील ३० दिवसांत प्रथम अपील करता येते. पोच घेतलेली प्रत अभ्यासिकेच्या फाइलला लावून ठेवावी, म्हणजे पुढच्या वर्षीच्या मुलांना तेथून पुढे सुरू करता येईल.